भाड्यातून हप्ता फिटतो का?

पुण्यात नोकरीला लागून दहा-बारा वर्षं झालेल्या माणसाला कोणी ना कोणी एकदा तरी सुनावलेलं असतं: "एक वन बीएचके घेऊन टाक, भाड्याने दे, हप्ता आपोआप फिटतो. वीस वर्षांनी फ्लॅट तुझा." सांगणारा बहुधा काका, ऑफिसातला सहकारी किंवा एजंट असतो. पहिल्या दोघांचा हेतू चांगला असतो. तिसऱ्याचाही वाईट नसतो, त्याला फक्त दलाली मिळवायची असते. गंमत अशी, की हे वाक्य बोलताना तिघांपैकी कोणाच्याही हातात कॅल्क्युलेटर नसतो.

म्हणून आधी हिशेब करू आणि करार, भाडेकरू, कर, सोसायटी या गोष्टी मग पाहू. हिशेबच जुळला नाही, तर बाकीचं वाचायची गरजही पडणार नाही.

साठ लाखांचा फ्लॅट, वीस हजार भाडं

आकडे समजायला सोपे म्हणून घेतले आहेत. तुमच्या भागातले टाकून पाहा. पुण्याच्या उपनगरात ६० लाखांचा तयार वन बीएचके, त्याला महिना २०,००० रुपये भाडं. वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे साठ लाखांवर ४ टक्के. जाहिरातीत आणि चहाच्या टपरीवर हाच आकडा फिरतो.

पण फ्लॅट ६० लाखांत पडत नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. (खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ६० हजार वाचतात. बायकोच्या, आईच्या नावावर घ्यायचा विचार घरात आधीच बोलून ठेवा, टोकन दिल्यावर नको.) नोंदणी फी ३०,००० रुपये. एजंटाचा एक टक्का, म्हणजे ६०,०००. शिवाय भाड्याने देण्याजोगा करायला रंग, पंखे, गीझर, किचन ट्रॉल्या, एखादं कपाट, खिडक्यांच्या जाळ्या, यात दीड-दोन लाख जातात. सगळं धरून ६७ लाख झाले.

आता दुसरी बाजू. बारा महिने भाडं मिळेल असं कधीच धरू नये. एक भाडेकरू गेला, रंग दिला, दुसरा आला, यात महिना जातो. म्हणून अकरा महिन्यांचे २ लाख २० हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजार म्हणजे वर्षाला ३०,०००. हा खर्च भाडेकरूच्या गळ्यात घालता येतो, पण मग तो भाडं तेवढंच कमी करून मागतो, फिरून तिथेच. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घेते ते ना-वापर शुल्क ३,०००. मिळकतकर १२,००० धरू. नळ, मोटर, गळती, दर दोन-तीन वर्षांनी रंग यांचे वर्षाला १२,०००. करार, नवा भाडेकरू आणि किरकोळ यांचे १३,०००. एकूण ७० हजार. हातात उरले दीड लाख.

दीड लाखाला ६७ लाखांनी भागलं तर सव्वादोन टक्क्यांच्या जरा आत येतं. बँकेची साधी मुदत ठेव याहून जास्त देते, आणि ठेवीची मोटर जळत नाही.

आता हप्ता. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे ४८ लाख कर्ज, आणि स्वतःच्या खिशातले १९ लाख. कारण मुद्रांक, नोंदणी आणि सजावटीला बँक सहसा पैसे देत नाही. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. ४८ लाखांना महिना सुमारे ४१,६५०.

भाड्यातून खर्च जाऊन महिन्याला उरतात १२,५००. फरक २९ हजारांचा, आणि तो दर महिन्याला तुमच्या पगारातून जाणार. "हप्ता आपोआप फिटतो" यातलं "आपोआप" म्हणजे हे २९ हजार.

कोणी म्हणेल, भाडं वाढतं, हप्ता तोच राहतो. खरं आहे. उरणारी रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली असं धरू. दहा वर्षांनी ती वीस हजारांच्या थोडी वर जाते, म्हणजे हप्त्याच्या निम्म्यावर. आणि कर्जाचा दर बदलता असल्याने हप्ता किंवा मुदत वाढण्याची टांगती तलवार वेगळीच.

मग घ्यायचंच नाही का?

घ्या, पण हिशेब उलटीकडून सुरू करा. लोक आधी फ्लॅट पसंत करतात, मग जास्तीत जास्त किती कर्ज मिळेल ते विचारतात. भाड्यासाठी घेताना आधी विचारायचं, की हे घर स्वतःच्या भाड्यावर किती कर्ज पेलू शकतं? आपल्या उदाहरणात १२,५०० भागिले ८६८, म्हणजे साधारण साडेचौदा लाख. सदुसष्ट लाखांच्या घराला साडेचौदा लाख. त्याच्या वरचं प्रत्येक लाख तुम्ही पगारातून पोसताय. ते पोसायला हरकत नाही, पण जाणूनबुजून पोसा. नोकरी गेली आणि फ्लॅटही त्याच वेळी रिकामा झाला, तर सहा महिने हप्ता भरता येईल एवढे पैसे बाजूला हवेत. ही रक्कम नसेल तर माझ्या मते खरेदी पुढे ढकलावी, भले भाव वाढोत.

भाव वाढण्याबद्दलही एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण भाड्याचं गणित जमेना की सगळे तिकडेच वळतात. इमारत दरवर्षी जुनी होते आणि तिची किंमत घसरते. वाढते ती जमिनीची किंमत. त्यामुळे तुमच्या फ्लॅटच्या वाट्याला जमीन किती येते हे पाहायला हवं. बावीस मजली टॉवरमधल्या वन बीएचकेच्या वाट्याला ती नखभर येते. कोथरूड किंवा बिबवेवाडीतल्या लिफ्ट नसलेल्या तीन मजली जुन्या इमारतीत हाच वाटा बराच मोठा असतो, आणि पुनर्विकास झाला तर त्याचा फायदा मिळतो. मात्र तिथे पहिला प्रश्न हा, की जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झालेलं नसेल तर जमीन कागदोपत्री अजून बिल्डरची किंवा मूळ मालकाची. अशा ठिकाणी पुनर्विकासाच्या गप्पा वर्षानुवर्षं गप्पाच राहतात.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट भाड्यासाठी घेणं मला पटत नाही. त्यावर जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांना १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के), ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज मात्र चालू. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही. शिवाय तयार घराचा एक मोठा फायदा कोणी सांगत नाही: त्याचा इतिहास तपासता येतो. आधीचा भाडेकरू किती भाडं देत होता त्याचा करार मागून घ्या. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून त्या इमारतीतल्या खरेदीखतांचे आणि भाडेकरारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे गोषवारे, पाहता येतात. जाहिरातीत दिसतं ते मालकाला हवं असलेलं भाडं. कराराच्या नोंदीत दिसतं ते प्रत्यक्ष मिळालेलं. दोन्हीत हजार-दोन हजारांचा फरक पडला तरी वरच्या हिशेबातल्या महिन्याच्या साडेबारा हजारांचा मोठा लचका तुटतो.

राहायला कोण येणार?

पुण्यात "भाडेकरू" म्हणजे एकच माणूस नाही. हिंजवडी, वाकड, खराडी, मगरपट्टा इथे आयटीवाले. कर्वेनगर-कोथरूड, कात्रज-धनकवडी, विमाननगर इथे कॉलेजची मुलं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत एमपीएससीची तयारी करणारे, कॉट बेसिसवर. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या पट्ट्यात एमआयडीसीतले कामगार. प्रत्येकाचं गणित वेगळं, कटकटही वेगळी.

कॉट बेसिसचं उदाहरण घ्या. एकाच खोलीत चार कॉट टाकून प्रत्येकी भाडं घेतलं, तर अख्ख्या फ्लॅटच्या भाड्यापेक्षा बरेच जास्त मिळतात. पण दर चार-सहा महिन्यांनी माणसं बदलतात, संडासाचा फ्लश महिन्याआड बिघडतो, पाण्यावरून शेजारी भांडतात आणि परीक्षेचं वेळापत्रक पुढे गेलं की मुलं गावी निघून जातात. तुम्ही त्याच पेठेत राहत असाल, रोज एक चक्कर मारू शकत असाल, तर हा चांगला धंदा आहे. चिंचवडहून सांभाळायचा असेल तर जो मुलगा सांभाळायला ठेवाल त्याचा पगार हिशेबात धरा.

२०२० साली लॉकडाउनमध्ये हिंजवडीच्या बाजूचे फ्लॅट आणि पेठांतल्या कॉट एकाच वेळी ओस पडल्या. आयटीवाले घरून काम करायला गावी गेले, मुलं परीक्षा नाही म्हणून गेली. ज्या भागाची मागणी एकाच प्रकारच्या माणसावर उभी आहे, तिथे तो माणूस गेला की सगळे मालक एकदमच भाडं पाडतात. म्हणून मला असा भाग आवडतो जिथे शाळा, दवाखाना, बाजार आणि बसथांबा चालत्या अंतरावर आहे आणि दोन-तीन प्रकारची माणसं घर शोधतात. तिथे भाडं थोडं कमी मिळतं, पण फ्लॅट रिकामा राहत नाही.

आणि पाणी! पुण्यात भाड्यासाठी घर पाहायचं तर मे महिन्यात पाहा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण नळ सगळीकडे पोचला नाही. वाघोली, उंड्री, पिसोळीकडच्या कित्येक सोसायट्या टँकरवर चालतात. टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं, आणि भाडेकरू दुसऱ्या उन्हाळ्याच्या आधीच घर सोडतो. बिल्डरच्या माणसाला विचारू नका, वॉचमनला विचारा, "रोज किती टँकर येतात?"

भाडेकरू कोणाला ठेवायचं याबद्दल लोकांची मोठी यादी असते: बॅचलर नको, अमुक जातीचे नकोत, तमुक धर्माचे नकोत, मांसाहारी नकोत, एकटी बाई नको. हे मुळात गैर आहेच, शिवाय धंदा म्हणूनही आतबट्ट्याचं आहे. प्रत्येक "नको" म्हणजे घर आणखी काही आठवडे रिकामं. माणसाचा पगार नियमित येतो का, आधीच्या मालकाकडे भाडं वेळेवर देत होता का, घर कसं सोडलं, एवढं विचारा. आधीच्या मालकाला एक फोन केला तर जातीपेक्षा कितीतरी उपयोगी माहिती मिळते.

अकरा महिन्यांची भीती

महाराष्ट्रातल्या घरमालकाला भाडेकरूची भीती का वाटते, याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मुंबईतली पागडी आणि पुण्याच्या पेठांतले मोडकळीला आलेले वाडे त्यातूनच आले. भाडं इतकं तुटपुंजं, की मालकाला कौलं बदलायलाही परवडेना. यावर तोड म्हणून लोक "भाडेकरू" न ठेवता "परवानाधारक" ठेवू लागले, म्हणजेच लिव्ह अँड लायसन्स. पण १९७३ मध्ये कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला करार चालू असताना जागेत राहणारे परवानाधारकही संरक्षित भाडेकरू झाले. अनेक मालकांचं घर एका दिवसात अडकलं. आजोबा-आजींच्या तोंडून "एकदा बसला की उठत नाही" हे जे ऐकू येतं, ते तिथून आलेलं आहे.

आज मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे आणि लिव्ह अँड लायसन्स करणाऱ्या मालकाची बाजू त्यात चांगलीच भक्कम आहे. अट एकच: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आता सांगा, नोटरीकडे शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर केलेला अकरा महिन्यांचा करार कोणाच्या फायद्याचा?

अकरा महिन्यांचा रिवाज आला तो १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात वर्षाहून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक अकरा महिन्यांवर थांबतात. महाराष्ट्रात त्याचा उपयोग नाही, कारण इथे मुदत कितीही असो, नोंदणी करायचीच. उलट भाडेकरू चांगला असेल तर दोन-तीन वर्षांचा करार करा, त्यातच दरवर्षीची ५ टक्के वाढ लिहून ठेवा. दरवर्षीची नोंदणी, एजंट, धावपळ वाचते.

खर्चही नगण्य आहे. पाच वर्षांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. बिनव्याजी डिपॉझिट असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. महिना २०,००० प्रमाणे अकरा महिन्यांचे २ लाख २० हजार, आणि ६०,००० डिपॉझिटचं व्याज ५,५००. २ लाख २५ हजार ५०० चा पाव टक्का सहाशे रुपयांच्या आतच येतो. शहरी भागात नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठा घेऊन हे काम घरबसल्या होतं, एजंट मशीन घेऊन दारात येतो. त्याची फी धरूनही हा खर्च एका जेवणावळीपेक्षा कमी.

आणि मुदत संपूनही तो जात नसेल तर? राहण्यासाठी दिलेल्या जागेबाबत कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी कराराला तिथे निर्णायक पुरावा मानतात, आणि मुदत संपल्यानंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडं भरपाई म्हणून मागता येतं. हे काम आठवड्यात होत नाही, वेळ लागतो, पण दिवाणी दाव्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळतही नाही. ही सोय फक्त राहत्या घरांना आहे. दुकान किंवा ऑफिस भाड्याने दिलं असेल तर नेहमीच्या कोर्टाची पायरी चढावी लागते. गाळ्याला टक्का जास्त सुटतो म्हणून पहिल्याच फटक्यात गाळा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, शिवाय रिकामा गाळा वर्षभरही रिकामा राहू शकतो.

करारात काय लिहायचं? छापील मसुद्यात बहुतेक सगळं असतं. मी तीन गोष्टी स्वतः वाचून पाहायला सांगेन. एक, लॉक-इन, म्हणजे करार मधेच मोडता येत नाही तो काळ, किती आणि तो दोघांनाही लागू आहे का. दोन, नोटीस किती दिवसांची. तीन, वस्तूंची यादी: किती पंखे, किती ट्यूब, गीझर चालू की बंद, कपाटाच्या किल्ल्या किती. चावी देताना भाडेकरूसमोर भिंतींचे, ओट्याचे, बाथरूमचे फोटो काढा आणि त्यालाही व्हॉट्सॲपवर पाठवा. डिपॉझिट परत देतानाची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. वापराने रंग फिका झाला तर त्याचे पैसे कापायचे नसतात; दाराला भोक पाडलं तर कापायचे. पुण्यात डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं असतं. ते भाडेकरूचं आहे, आपलं उत्पन्न नाही. कित्येक मालक ते खर्चून टाकतात आणि मग परत द्यायच्या वेळी "जरा थांबा, नवीन माणूस आला की देतो" सुरू होतं. मुदत ठेवीत टाका आणि विसरा.

चावी देण्याआधी वीज मीटरचा आकडा लिहून घ्या. महावितरणचं थकलेलं बिल शेवटी तुमच्याच नावावर येतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, ती ऑनलाइनही देता येते. हे टाळू नका.

सोसायटी आणि महापालिका

सोसायटीला आधी लेखी कळवायचं, कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. मग ना-वापर शुल्क. इथे पुष्कळ सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावतात. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि मिळकतकराचा भाग त्या हिशेबात धरायचा नाही. सेवा शुल्क अडीच हजार असेल तर ना-वापर शुल्क महिना अडीचशे. ज्यांच्याकडून हजार-दीड हजार घेतले जात असतील त्यांनी आदेशाची प्रत जोडून एक पत्र द्यावं. भांडण नको, पत्र पुरतं. हा आदेश सहकारी गृहनिर्माण संस्थांना आहे. पुण्यातल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, म्हणजे १९७० च्या वेगळ्या कायद्याखाली. तिथे घोषणापत्र आणि नियम वाचावे लागतात, म्हणून घेण्याआधीच विचारा.

मिळकतकराचं एक खास पुणेरी प्रकरण आहे. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते. भाड्याने दिलं की ती जाते. फ्लॅट विकणाऱ्याने दाखवलेलं कराचं बिल सवलतीचं असेल, तर तुमचं बिल त्याहून बरंच जास्त येणार हे धरून चाला. तीन-चार वर्षं मागची वसुली निघाल्याने लोक हबकतात.

आयकर

हा भाग वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. वर्षभर मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करा. उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग खर्च झाला असो वा नसो. मेंटेनन्स, रंग, दलाली सगळं त्यातच आलं, वेगळं काही मिळत नाही. आपल्या उदाहरणात २ लाख २० हजार वजा १२ हजार, त्यातून ३० टक्के वजा, उरले १ लाख ४५ हजार ६००. कर्ज नसेल तर एवढी रक्कम उत्पन्नात धरली जाते.

कर्ज असेल तर व्याजही वजा होतं. ४८ लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे चार लाख, म्हणजे अडीच लाखांहून जास्त तोटा. जुन्या करप्रणालीत यातले २ लाख पगारातून वजा करता येतात आणि उरलेला तोटा पुढे आठ वर्षं नेता येतो. नव्या प्रणालीत भाड्यापुरतं व्याज वजा होतं, भाड्यावर कर लागत नाही, पण तोटा पगारातून वजा करता येत नाही. "दुसरं घर घे, टॅक्स वाचतो" हा सल्ला जुन्या प्रणालीच्या काळातला आहे. आज नवीच प्रणाली आपोआप लागू होते, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की आधी स्वतःची प्रणाली कोणती ते पाहा.

परदेशी असलेल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी. अनेक भाडेकरूंना हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक झालं की ते घरच नको म्हणतात. कोणा भावाच्या खात्यात भाडं मागवून हा प्रश्न सुटत नाही, उलट त्याच्या कराचा घोळ होतो.

पुण्यात फ्लॅट घेतलाच पाहिजे असं नाही

थोड्या पैशात सुरुवात करायची असेल तर मला सगळ्यात पटणारा मार्ग फारसा चमकदार नाही. साताऱ्यात, बारामतीत, इस्लामपुरात आई-वडिलांचं घर असेल, वर गच्ची मोकळी असेल, तर नगरपालिकेची परवानगी काढून वर पाचशे चौरस फुटांचं वन बीएचके बांधा. समजा चौरस फुटाला २,००० रुपये खर्च आला तर १० लाख. कॉलेज किंवा मोठा दवाखाना जवळ असेल आणि ७,००० भाडं मिळालं, तर वर्षाला ८४ हजार. साडेआठ टक्क्यांच्या जवळ! जमीन आधीच आपली असल्याने हा आकडा फुगतो, हे खरं. तोटेही आहेत. ते वेगळं विकता येत नाही, आणि भाडेकरू रोज जिन्यात भेटतो. पण घरमालक होणं म्हणजे काय असतं हे दहा लाखांत समजतं, सदुसष्ट लाख अडकवावे लागत नाहीत. चाकणच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी आपल्याच जागेत कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा बांधल्या, त्यांचं गणित जमतं ते याच कारणाने. त्यांचं पाहून तिथे गुंठ्याने जागा घ्यायला धावू नका. एनए (बिगरशेती) नसलेल्या तुकड्यावर बँक कर्ज देत नाही आणि बांधकाम नियमित होईल की नाही याची खात्री नसते.

नुसतं भाड्याचं उत्पन्न हवं आणि भाडेकरू नको, असं असेल तर शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्ता घेणारे ट्रस्ट. भारतात पहिलं २०१९ मध्ये आलं. त्यांच्या मालकीत बहुतांशी ऑफिसं आणि मॉल असतात, काही हजारांतही सुरुवात होते. भाव खालीवर होतात, पण रात्री साडेदहाला "काका, पाणी येत नाही" असा फोन येत नाही.

विकताना

घर कधीतरी विकायचं असतं, हे घेतानाच ध्यानात ठेवा. दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, महागाईची सूट (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) न मिळता. (२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं घर असेल तर निवासी व्यक्तीला २० टक्के आणि महागाईची सूट हा पर्याय निवडता येतो.) म्हणून मुद्रांक, नोंदणी आणि मोठ्या सुधारणांच्या पावत्या एका फायलीत जपून ठेवा, त्या किमतीत धरता येतात. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून भरतो. तुम्ही घेताना हे तुम्हालाही करायचं असतं, आणि विसरलात तर व्याज-दंड तुमच्या माथी येतो.

शेवटचा मुद्दा वेळेचा. राहायला घर घेणाऱ्याला रिकामा फ्लॅट हवा असतो, आत कोणी राहत असेल तर तो भाव पाडतो किंवा येतच नाही. त्यामुळे विकायचा विचार पक्का झाला की करार संपण्याची तारीख पाहा, नवा करार करू नका, आणि भाडेकरूला नोटिशीच्या मुदतीपेक्षा महिनाभर आधीच सांगा. मुलांच्या शाळा असतील तर एप्रिल-मे गाठा. त्या दोन महिन्यांत घर सोडणं त्यांना सोपं जातं, आणि जूनआधी घर शोधणारे खरेदीदारही तेव्हाच फिरत असतात.